तिसावा सहभागी

साठी ओलांडलेल्या माणसाला डॉक्टर बोलावून घेतात ते साधारणपणे काय बिघडलंय हे सांगायला. लिफ्टसाहेबांना मात्र अडुसष्टाव्या वर्षी काहीच बिघडलेलं नाही असं सांगण्यात आलं आणि ती हवा जरा त्यांच्या डोक्यात गेली. रक्त चोख, दाब चोख, डोक्याचं छायाचित्र काढलं तेही चोख. "डोक्यात काही सापडलं नाही म्हणाले ना? हे मी घरबसल्या सांगितलं असतं," असं त्यांची बायको म्हणाली. पण ती लग्नापासून असंच काहीतरी म्हणत आली होती आणि साहेब लग्नापासून ते ऐकू न आल्यासारखं करत आले होते. त्या घराचा संसार या एका व्यवस्थेवर सुरळीत चालला होता.

साहेब हे निवृत्त लिफ्ट-निरीक्षक. दोर, कप्पी, ब्रेक आणि दारं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि त्यातून एक मत पक्कं झालं होतं: जगात विनाकारण काही थांबत नाही आणि विनाकारण काही चालत नाही. कारण सापडेपर्यंत दिवा घेऊन लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. स्वतः राहायला मात्र तळमजल्यावर होते. कुणी कारण विचारलं तर म्हणत, मी लिफ्ट आतून पाहिल्यात.

एका गोष्टीचं कारण त्यांना ठाऊक होतं आणि तीच त्यांची भीती होती. त्यांच्या वडिलांनी याच वयात एका सकाळी स्वतःच्या घराचं दार बाहेरून वाजवून, इथं कोण राहतं, अशी चौकशी केली होती. अगदी सभ्यपणे, टोपी हातात घेऊन. त्यानंतर ते चार वर्षं त्या घरात पाहुण्यासारखे राहिले. अलीकडे साहेबांचा चष्मा अधूनमधून हरवायला लागला होता. चष्मा सगळ्यांचाच हरवतो. पण ज्याचे वडील असे गेले त्याचा चष्मा नुसता हरवत नाही.

म्हणून वाचनालयात जेव्हा त्यांनी वाचलं की निरोगी ज्येष्ठ नागरिक हवे आहेत, डोक्याला हलकासा विद्युत्प्रवाह दिला तर म्हातारा मेंदू नवं काही लवकर शिकतो का ते पाहायचं आहे, तेव्हा ते दुसऱ्याच दिवशी जाऊन उभे राहिले. बायकोला सांगितलं, विज्ञानासाठी. खरं म्हणजे आपण अजून आपणच आहोत आणि पुढेही राहू, हे कुणीतरी त्यांना मोजून सांगायला हवं होतं.

प्रयोगाची खोली इस्पितळाच्या जुन्या भागात, धुलाईघराच्या पलीकडे होती. बोळातून जाताना वाफेचा आणि भाजक्या कापडाचा वास यायचा, आणि कुठल्यातरी यंत्राची घरघर पायांना जाणवायची. आत उंचावर एक खिडकी, दातांच्या डॉक्टरकडे असते तशी राखाडी खुर्ची आणि टेबलावर चार बटणांची एक पेटी. तिथला तंत्रज्ञ बारमाही सर्दीचा माणूस होता. रुमाल एका हातात ठेवून दुसऱ्या हातानं तो दोन स्पंज मिठाच्या पाण्यात बुडवायचा, पिळायचा, एक कपाळावर आणि एक कानशिलाच्या वर ठेवून रबरी पट्ट्यानं आवळायचा आणि म्हणायचा, "काका, आता मुंग्या."

मुंग्या यायच्या. त्या चालू असताना डाव्या हाताच्या चार बोटांनी, पडद्यावर दिसेल त्या क्रमानं बटणं दाबायची. क्रम तोच तो फिरून येई. काही आठवड्यांत बोटांनी तो आपसूक उचलायला हवा, असा हिशेब होता.

डॉक्टरबाई चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या, चष्मा डोळ्यांपेक्षा केसांत जास्त वेळ ठेवणाऱ्या. त्यांनी समजावलं की हा प्रवाह काही डोकी घेतात आणि काही घेतच नाहीत. कारण बहुधा आईबापांकडून आलेल्या जनुकात आहे. त्या जनुकाचा एक प्रकार सर्रास आढळतो, दुसरा दुर्मीळ. दोन्ही प्रकारची तीस-तीस माणसं जमवायची आहेत. दुर्मीळ प्रकारची एकोणतीस मिळाली होती आणि तिसावा सापडता सापडत नव्हता. तेवढ्यासाठी या नळीत थुंका.

साहेब थुंकले. आठवड्यानं निरोप आला, पुन्हा थुंका. मग गालाच्या आतून कापूस फिरवून नेला, मग रक्त. शेवटी डॉक्टरबाईंनी खोलीचं दार लोटून घेतलं.

"काका, तुमच्या नमुन्यात दोन माणसं येतायत."

साहेबांनी सवयीनं आधी यंत्राचा दोष विचारला, मग नळ्या हाताळणाऱ्यांचा. दोन्ही तपासून झालं होतं. बाई म्हणाल्या की घाबरण्यासारखं काही नाही. आईच्या पोटात सुरुवातीला कधी कधी दोघं असतात, ठिपक्याएवढे. त्यातला एक दुसऱ्यात मिसळून जातो, मूल एकच जन्मतं, पण पेशी दोघांच्या राहतात, थोड्या इथं, थोड्या तिथं. बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. मजा म्हणजे तुमच्यातला एक सर्रास प्रकारचा आहे आणि दुसरा दुर्मीळ.

"मग यातला मी कोणता?"

बाईंनी केसांतला चष्मा काढून पुसला. "तसा प्रश्न आम्ही विचारत नाही," त्या म्हणाल्या.

साहेबांनी त्या संध्याकाळी थोरल्या बहिणीला फोन लावला. ताई ऐंशीला टेकली होती आणि फोनवर एरवी तिला थांबवावं लागे. यावेळी तिनं आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाली की सुईणीनं आईला दोघं आहेत असंच सांगितलं होतं, दोन झबलीही शिवून तयार होती. झालास तू एकटा. आई म्हणायची, याची भूकच बघा, दुसऱ्यालाही यानंच खाल्लं असणार. सगळे हसायचे. आई मात्र तुला भरवताना एक घास उजवीकडून द्यायची आणि एक डावीकडून. "आम्हाला वाटायचं, लाड," ताई म्हणाली.

प्रयोग सुरू राहिला. दर मंगळवारी साहेब खुर्चीत बसत, मुंग्या येत आणि बोटं पहिल्या दिवशी जितकी चुकली होती तितकीच चुकत. तंत्रज्ञ पडद्याकडे पाहून नाक पुसायचा. त्यावरून काय ते कळत होतं. साहेबांना मनातून लागलं. निरोगी ठरलेला माणूस चार बटणांपुढे नापास व्हावा, हे काही ठीक नव्हतं.

घरात मात्र दुसरंच काही सुरू झालं होतं. आधी बारीकसारीक. सकाळी दाढीच्या ब्रशवर उलट्या बाजूनं वळलेले केस. टेबलावरच्या कपाचा कान डावीकडे. बुटाच्या नाड्यांना ते आयुष्यभर दुहेरी गाठ मारत आले होते, ती सोडायला वाकले तर एकाच ओढीत सुटणारा ढिला फास निघाला. साहेबांनी प्रत्येक गोष्टीचं कारण शोधलं आणि प्रत्येक वेळी तेच सापडलं: विसरलो असेन. हे कारण त्यांना इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त भिववत होतं, म्हणून ते कुणाला सांगितलं नाही.

मग बायको बदलली. ती काम करताना गुणगुणायला लागली. एका शुक्रवारी सकाळी भांडी पुसता पुसता तिला एकदम हसू फुटलं. साहेबांनी वर पाहिलं तर म्हणाली, "कालचं आठवलं हो. तो कुलपात अडकलेल्या माणसाचा किस्सा. पोट दुखलं माझं."

साहेबांना कुलपात अडकलेला कुठलाही माणूस ठाऊक नव्हता. आपण बायकोला कधी हसवलं होतं का, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि लवकरच सोडून दिला.

"तेल लावलंत ना, त्यानं गुडघा केवढा हलका झालाय," तीच पुढं म्हणाली, आणि जाता जाता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात साहेबांना अनोळखी वाटला.

त्यांनी आठवड्याचा हिशेब मांडला, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं. गुरुवारी जेवण झाल्यावर ते आडवे पडत आणि संध्याकाळी उठत. एवढी झोप त्यांना पूर्वी कधी लागत नसे. मधल्या वेळाचं स्वप्नसुद्धा आठवत नव्हतं. अशाच एका गुरुवारी ते दिवेलागणीला उठून बसले तेव्हा कानशिलाशी गार लागलं. त्यांनी बोट लावलं. केस ओले होते. पाणी कपाळावरून ओघळून भुवईत सुकलं होतं.

त्यांनी बोट जिभेला लावलं. खारट.

दुसऱ्या दिवशी, वेळ ठरलेली नसताना, साहेब इस्पितळात गेले. धुलाईघराची घरघर नेहमीसारखीच होती. तंत्रज्ञ दारातच भेटला आणि त्यांच्या बुटांकडे पाहून, मग चेहऱ्याकडे पाहून, एक पाऊल मागं सरला. "काका, तुम्ही मंगळवारचे ना?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता बाईंना बोलवायला गेला.

डॉक्टरबाई आधी अवघडल्या आणि मग, बोलायला लागल्यावर, त्यांना आनंद लपवता येईना. दुर्मीळ प्रकारचा तिसावा मिळत नव्हता. मुदत संपत आली होती. साहेबांच्या देहात तो होताच. नियमांत असं कुठंही लिहिलेलं नव्हतं की प्रत्येक सहभागीला स्वतःचा वेगळा देह असला पाहिजे. लिहिणाऱ्यांना सुचलंच नव्हतं. तेव्हा बाईंनी त्या दुसऱ्याला नुसता हिशेबापुरता एक क्रमांक दिला आणि गुरुवारची वेळ दिली. ती वेळ मोकळी जाणार, असंच त्या धरून होत्या.

"पण त्या गुरुवारी तुम्ही आलात," त्या म्हणाल्या. "म्हणजे, ते आले. वेळेवर. संमती दिली, डाव्या हातानं सही केली. मला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मग मी बोटं पाहिली." त्यांनी आवाज खाली आणला. "काका, असा निकाल मी पाहिलेला नाही. दोन बैठकांत सगळा क्रम. आता तर ते पडद्याकडे बघतही नाहीत. काही डोक्यांत हा परिणाम प्रवाह बंद केल्यावरही टिकतो, वाढत जातो. तुमचे आकडे, राग मानू नका, जेमतेम आहेत."

साहेबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. शांतपणे सांगितलं की हे बंद करा.

"तुम्ही कधीही बाहेर पडू शकता. कारणसुद्धा द्यायला नको. तो प्रत्येक सहभागीचा हक्कच आहे."

"मला नाही, त्याला काढा."

बाईंच्या चेहऱ्यावर खरोखरीचं दुःख दिसलं. "ते त्यांनी स्वतः सांगायला हवं, काका. एकाच्या वतीनं दुसऱ्याला नाही काढता येत. पूर्वी अशा प्रयोगांत माणसांवर फार जबरदस्ती झालीय, त्यातूनच आलाय हा नियम. चांगला नियम आहे."

साहेबांनी आयुष्यभर नियम पाळले होते आणि पाळायला लावले होते. त्यांना त्यात खोट काढता येईना. त्यांनी स्वतःचं नाव मागं घेतलं. मंगळवार रिकामा झाला. बाहेर पडताना तंत्रज्ञानं त्यांच्यासाठी दार धरून ठेवलं, तेही जरा जास्तच उघडून, दोघं जाणार असल्यासारखं.

घरी येऊन त्यांनी बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. त्या घरात इतकं सलग बोलणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. वडिलांचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं, मिठाचं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत होती. साहेबांना वाटलं, ती घाबरली असेल.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "मीच घेऊन जाते त्याला."

साहेबांना आधी शब्दच कळेनात.

"रस्ता ओलांडायला घाबरतो तो. सगळं नवंच आहे ना त्याला. गाड्या बघितल्या की हात धरतो माझा." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "पहिल्या दिवशी मी घाबरले होते. वाटलं, तुमच्या वडिलांसारखं सुरू झालं. पण ते माणसं विसरत चालले होते. हा तर एकेक विचारून घेतो. मला काय आवडतं, लहानपणी काय आवडायचं. गुडघा कधीपासून दुखतो. तुम्हाला माहितीये का, कधीपासून?"

साहेबांना माहीत नव्हतं.

"नावानं हाक मारतो मला," ती म्हणाली. "किती वर्षांनी ऐकलं मी ते."

मग साहेबांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, तिच्याकडे काहीतरी मागितलं. येत्या गुरुवारी दार लावून घे. किल्ली तुझ्याजवळ ठेव. मी काहीही म्हणालो तरी जाऊ देऊ नकोस. मी नसेन तर इथं कोण राहतं, हे मला दुसऱ्याकडून ऐकायचं नाही.

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं. "तुम्ही माझे नवरे आहात," ती म्हणाली. "जाऊ देणार नाही."

आणि तिनं शब्द पाळला.

गुरुवारी जेवण झाल्यावर तिनं दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये टाकली. साहेब आडवे झाले नाहीत. जेवणाच्या टेबलाशी, पाठ टोचणारी खुर्ची मुद्दाम निवडून, ताठ बसले. खिडकीतून ऊन सरळ तोंडावर येत होतं. त्यांनी ते येऊ दिलं.

जागं राहायला ते मनात तपासणी करू लागले. आधी यंत्रघर. दोराचे पेड, कप्पीची खाच, ब्रेकचा गट्टू. मग एकेक मजला, एकेक दार. कुठल्याही नव्या हाताखालच्या माणसाला ते हेच सांगत, क्रम सोडू नका, क्रम सोडला की माणूस पडतो.

बायको समोर बसून शिवत होती. मध्येच मान वर करून बघायची, पुन्हा खाली घालायची.

ऊन टेबलावरून सरकत चाललं.

तिसरा मजला. दाराची कडी. चौथा मजला.

डाव्या हाताची बोटं टेबलावर वाजत होती. एक, चार, दोन, तीन, दोन. साहेबांनी उजव्या हातानं ती दाबून धरली. हाताखाली ती गरम लागली. मग शांत झाली.

बायकोनं शिवण थांबवलं होतं.

पाचवा मजला. दाराची कडी. दाराची.

कडी.

साहेब हसत होते.

हसण्याच्या ऐन मध्यावर ते जागे झाले. पोटाचे स्नायू अजून हलत होते. तोंड उघडं होतं आणि शब्दाचा शेवट ओठांवर होता, पण शब्द कुठला ते ठाऊक नव्हतं. दिवा लागला होता. खिडकीबाहेर अंधार. त्यांनी पहिल्यांदा दाराकडे पाहिलं. कुलूप होतं तसंच होतं. केस चाचपले. कोरडे होते.

तो कुठंही गेला नव्हता. त्याला आता जायची गरज उरली नव्हती.

समोर बायको टेबलाला धरून हसत होती, गालांवर पाणी आलेलं. इतकी तरुण ती त्यांनी लग्नातही पाहिली नसावी.

"मग?" ती म्हणाली. "मग तो काय म्हणाला?"

साहेबांनी तोंड मिटलं.

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हसू लगेच गेलं नाही. वाळत घातलेलं कापड उतरवून घडी करावी तसं, तिनं ते हळूहळू आवरलं. डोळे पुसले.

"बरं," ती मायेनं म्हणाली. "घाई नाही काही."

आणि टेबलावरून हात पुढं करून तिनं त्यांचा डावा हात हातात घेतला, आणि दारात कुणी येण्याची वाट पाहावी तशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसून राहिली. त्या हाताच्या अंगठ्यानं तिच्या मनगटावर अलगद थोपटलं. साहेबांनी ते पाहिलं.